कानसेनांची शाळा

पं. विष्णू दिगंबर पलुस्कर म्हटलं की मिरज आठवते, लाहोर आठवतं, मुंबई आठवते. नाशिक मात्र चटकन कुणाच्या ओठांवर येत नाही. उत्तरायुष्यात त्यांनी मुक्कामासाठी निवडलं ते हे गाव. १९२२ च्या सुमारास त्यांनी इथे रामनाम आधाराश्रम काढला. त्याच्या आदल्याच वर्षी, २८ मे १९२१ रोजी, त्यांचे चिरंजीव दत्तात्रेय, म्हणजे गायक बापूराव पलुस्कर, नाशिकलाच जन्मले.

विष्णुबुवांचं स्वतःचं शिक्षण शाळेबाहेरचं. १८७२ साली कुरुंदवाडला जन्म. लहानपणी दत्तजयंतीच्या दारूकामात डोळ्यांना इजा झाली, पुस्तकी शिक्षण खुंटलं आणि मुलगा मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकायला गेला. हेच ते बाळकृष्णबुवा, ज्यांनी वणवण करून ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणली. गुरुगृही ना तास ठरलेला, ना इयत्ता. गुरूच्या मनात येईल तेव्हा तालीम, नाही तर घरातली पडेल ती कामं. त्यातून जो तावूनसुलाखून निघे, तो गवई होई. बाकीच्यांचं काय झालं, याची नोंद कुणी ठेवली नाही.

चरित्रकार एक प्रसंग आवर्जून सांगतात. मिरजेतल्या एका समारंभाचं निमंत्रण विष्णुबुवांना आलं, त्यांच्या गुरूंना नाही. ज्याच्या पायाशी बसून विद्या घेतली, त्याची समाजात ही किंमत! १८९६ मध्ये त्यांनी मिरज सोडली. ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केलं, तेही संस्थानिकाच्या मर्जीवर न विसंबता, लोकांच्या मदतीवर. ठरलेले तास, क्रमिक पुस्तकं, स्वरलिपी, परीक्षा, पदवी. जे त्यांना स्वतःला कधी मिळालं नव्हतं, ते सगळं त्यांनी इतरांसाठी उभं केलं.

त्यासाठी त्यांच्यातल्या रचनाकाराने एक सौदाही केला. जुन्या चिजांमधले शृंगाराचे शब्द काढून त्यांनी तिथे भक्तीचे शब्द बसवले. घरंदाज मुलींना गाणं शिकवायचं तर आईबापांचा विश्वास आधी मिळवायला हवा होता. याबद्दल त्यांच्यावर टीका झाली आणि मला ती अगदीच अन्याय्य वाटत नाही. शब्द बदलला की बंदिशीचा रंग थोडा तरी उडतोच. पण तो रंग जपत बसले असते, तर आज आपल्या घरातली मुलगी तंबोरा मांडीवर घेऊन बसली असती का, याचंही उत्तर द्यावं लागेल.

आपण तानसेन नव्हे, कानसेन घडवतो आहोत, असं ते म्हणत, अशी आठवण सांगितली जाते. आजही नाशिकच्या परीक्षा केंद्रांवर मुलं संगीताच्या ‘प्रवेशिका’, ‘मध्यमा’ परीक्षांना बसतात, तेव्हा दाराबाहेर पालकांची चर्चा कानावर येते ती बहुधा दहावीच्या वाढीव गुणांची. नाक मुरडायला सोपं आहे. पण यातली बरीच मुलं पुढे गाणार नसली, तरी भूप आणि देसकार या रागांत काय फरक आहे, हे त्यांना कळेल. मैफलीला तेवढं पुरतं.

१९०८ मध्ये विद्यालय मुंबईत आलं. मोठी इमारत झाली, तिच्याबरोबर मोठं कर्जही. शेवटी सावकारांनी ती वास्तू लिलावात काढली. माणसाने संस्था उभी करावी आणि संस्थेने त्याला कर्जात बुडवावं, ही आपल्याकडची जुनीच रीत. विष्णुबुवा तोवर रामनामाकडे वळले होते. ‘रघुपती राघव राजाराम’ची आज घरोघरी माहीत असलेली चाल त्यांचीच मानली जाते. तिला देशभर नेलं गांधीजींच्या प्रार्थनेने. साबरमती आश्रमात ती प्रार्थना सांभाळणारे नारायण मोरेश्वर खरे हे विष्णुबुवांचेच शिष्य; १९३० च्या दांडी यात्रेतही ते गांधीजींबरोबर चालले.

असे शिष्य त्यांनी पदरी बाळगून, जेवूखाऊ घालून तयार केले होते. वेळापत्रकाच्या शाळेच्या पोटात त्यांनी गुरुगृह शिल्लक ठेवलं होतं, असंच म्हणायला हवं. ओंकारनाथ ठाकूर पुढे बनारस हिंदू विश्वविद्यालयात संगीताचे प्रमुख झाले, विनायकराव पटवर्धनांनी १९३२ मध्ये पुण्यात गांधर्व महाविद्यालय काढलं. ही माणसं निव्वळ परीक्षा देऊन घडलेली नव्हती.

२१ ऑगस्ट १९३१ रोजी विष्णुबुवा गेले, तेव्हा बापूराव जेमतेम दहा वर्षांचे होते. वडिलांकडून मिळायची ती तालीम त्यांना विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यास या वडिलांच्या शिष्यांनी दिली. १९३५ मध्ये, चौदाव्या वर्षी, ते जालंधरच्या हरिवल्लभ संगीत संमेलनात गायले. पुढे त्यांच्या ‘ठुमक चलत रामचंद्र’ने किती घरांतली सकाळ सुरू झाली असेल! ते ऐकत मोठे झालेले बहुतेक लोक कोणत्याच संगीत परीक्षेला बसलेले नव्हते.