मुसाफिराची सवलत आणि खरा पत्ता

सर्व स्तुती अल्लाहसाठी आणि दरूद व सलाम त्याच्या अंतिम प्रेषितांवर.

मागील महिन्यात जुम्याच्या नमाजनंतर एक वयोवृद्ध गृहस्थ मला भेटण्यासाठी थांबले. त्यांचा मुलगा लंडनमध्ये नोकरी करतो. भाड्याची खोली वरचेवर बदलावी लागते. कायमचा पत्ता नाही. त्याने मोटार घेतली आणि विमा उतरवताना दूरच्या एका लहान गावी राहणाऱ्या मावसभावाचा पत्ता दिला. हप्ता बराच कमी बसला. मोटार मात्र रोज रात्री लंडनच्या रस्त्यावर उभी असते. ते म्हणाले, "मौलाना, पोराचं बिऱ्हाड पाठीवर. कुणाचा तरी पत्ता द्यावाच लागतो. यात गैर काय?"

कोकणातील अनेक घरांची मुले आज परदेशी आहेत. म्हणून हा प्रश्न एका घरापुरता नाही.

प्रथम मूळ मुद्दा. ठरावीक हप्त्याच्या व्यापारी विम्याविषयी उलेमांचे आक्षेप सर्वश्रुत आहेत. जेद्दा येथील आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने १९८५ मध्ये असा विमा निषिद्ध ठरवून परस्पर सहकार्यावर आधारलेल्या विम्याचा पर्याय सुचवला. परंतु रस्त्यावरील तिसऱ्या व्यक्तीच्या नुकसानीचा विमा भारतात आणि ब्रिटनमध्येही कायद्याने सक्तीचा आहे. दोन्ही देशांचे प्रचलित कायदे १९८८ चेच. जिथे त्यावाचून वाहन चालवताच येत नाही, तिथे अनेक उलेमांनी गरजेपुरती मुभा दिली आहे.

आता पत्त्याकडे वळू. इस्लामने मुसाफिरावर किती कृपा केली आहे! चार रकातींच्या फर्ज नमाजच्या दोन होतात, रोजा पुढे ढकलता येतो, वाटेत निर्धन झालेल्या प्रवाशाचा जकातीतही वाटा आहे. अल्लाहने आपल्या हक्कांत त्याला सूट दिली. पण माणसांच्या हक्कांत दिली नाही. करार पाळण्याची आणि अमानत परत करण्याची कुरआनची आज्ञा घरी असलेल्याला आणि प्रवासात असलेल्याला सारखीच लागू आहे.

विम्याचा अर्ज हा करारच होय. ब्रिटनमध्ये वाहन रात्री कोणत्या भागात उभे असते, हे पाहूनही हप्ता ठरतो. कारण चोरी आणि अपघात यांचा धोका सर्वत्र सारखा नसतो. माहिती देताना चुकीचे विधान होऊ नये याची वाजवी काळजी ग्राहकाने घ्यावी, असे तेथील २०१२ चा कायदा सांगतो. खोटा पत्ता उघडकीस आला तर कंपनी करार रद्द करू शकते, स्वतःच्या वाहनाची भरपाई नाकारू शकते आणि जखमीला दिलेली रक्कम चालकाकडून वसूल करू शकते. विमा नसलेल्या वाहनाने कोणी जखमी झाल्यास तेथील विमा कंपन्यांची एक सामाईक संस्था भरपाई देते. त्या पैशाचा भार अखेर प्रामाणिकपणे हप्ता भरणाऱ्यांवरच पडतो. म्हणजे आपण वाचवलेले पौंड कोणाच्या तरी खिशातून गेलेले असतात.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, तो आत ओलावा लागला. वर सुके, आत ओले. फसवणाऱ्याशी आपले नाते नाही, असे त्यांनी तेथेच बजावले. कागदावर गाव आणि रस्त्यावर लंडन, ही तीच रास नव्हे काय?

मग स्थिर पत्ता नसलेल्याने काय करावे? आहे ती परिस्थिती सांगावी. पत्रव्यवहार नातेवाइकाच्या पत्त्यावर हवा असेल तर तसे स्पष्ट कळवावे. मोटार रात्री कोठे असते, ते वेगळे आणि खरे लिहावे. खोली बदलली की विमा कंपनीला आणि वाहन नोंदणी कार्यालयाला कळवावे. एका कंपनीने नकार दिला तर दुसरीकडे विचारावे. हप्ता झेपत नसेल तर बस आहे, रेल्वे आहे. मोटार फर्ज नाही, सत्य फर्ज आहे.

ते गृहस्थ थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आज रात्री फोन करतो त्याला."

मातापित्यांनो, परदेशातील मुलाला पगार विचारतो, जेवण विचारतो; कधी हेही विचारावे. कियामतच्या दिवशी नमाज-रोजांचा साठा घेऊन येणारा माणूस लोकांचे हक्क फेडता फेडता कंगाल होईल, असा इशारा प्रेषितांनी (स.) दिला आहे. या दुनियेत आपण सारेच मुसाफिर. कायमचा पत्ता आखिरतचा. तो सत्यानेच मिळतो.

अल्लाह आपल्या मुलांना परक्या मुलखात हलाल रोजी आणि खरी जबान देवो. आमीन.