ऊब कुणाची?

माझं बालपण वाईजवळच्या खेड्यात, आजीपाशी गेलं. बाबा सैन्यातून निवृत्त झाले, त्यांना ग्रेट निकोबार बेटावर जमीन मिळाली आणि ते आईला घेऊन तिकडे गेले. 1969 पासून सरकारनं माजी सैनिकांची कुटुंबं तिथं वसवली, त्यांत मराठी कुटुंबंही होती. शाळेसाठी मला मागं ठेवलं. आई दोन-तीन वर्षांनी एकदा यायची.

देवळात कीर्तनकारबुवा कासवीचा दृष्टान्त सांगत. कासवी ऐलतीरी, पिलं पैलतीरी. ती नुसत्या नजरेनं त्यांना पोसते, तशी देवाची कृपादृष्टी. आणि पक्षीण पिलांना पंखाखाली घेते, तशी माऊली. मी सात वर्षांची होते. आई कासवी आहे असं मी धरून चालले, कारण मध्ये समुद्र होता.

1984 साली मी पहिल्यांदा त्या बेटावर, कॅम्पबेल बेला गेले. बाबा आम्हा दोघींना किनाऱ्यामागच्या रानात घेऊन गेले. वाळू, माती, कुजका पाला, पोवळ्याचे तुकडे असा कंबरेएवढा ढीग होता. "घाल हात," बाबा म्हणाले. कोपरापर्यंत हात आत गेला. चुलीच्या वैलावर ठेवलेल्या भांड्यासारखी ऊब होती.

तो ढीग मेगापोडचा. हा तपकिरी, कोंबडीएवढा, दणकट पायांचा पक्षी जमिनीवरच चरतो आणि निकोबार बेटांखेरीज कुठंच नाही. तो अंड्यावर बसत नाही. नर-मादी पायांनी पाला-माती ओढून ढीग रचतात, मादी त्यात खोलवर अंडं पुरते. पाला कुजताना जी उष्णता निघते, तीच अंडं उबवते. अंडं कोंबडीच्या अंड्याच्या सुमारे दुप्पट, बलकानं भरलेलं. दोन महिन्यांहून अधिक काळानं पिल्लू लाथांनी कवच फोडतं, माती खरवडत वर येतं आणि एकटंच रानात निघून जातं. पिसं पूर्ण फुटलेली असतात, लवकरच उडताही येतं. आईबापांची भेट नाही, ओळखही नाही.

याच बेटावर गॅलथियाच्या वाळूत चामडी पाठीची समुद्री कासवं रात्री अंडी घालतात आणि समुद्रात परत जातात. मागं वळून पाहणारी कासवी दृष्टान्तातच भेटते.

मग जी शिवत नाही आणि पाहतही नाही, तिला माऊली म्हणायचं का? हा प्रश्न मला पक्ष्यापेक्षा देवाबद्दल पडतो. ज्यानं फक्त ऊब निर्माण होईल अशी व्यवस्था लावली आणि जो निघून गेला, त्याच्यापुढं हात का जोडावेत? मेगापोडला निष्काम कर्मयोगी म्हणणं मला पटत नाही. फळाची इच्छा मनात उठून ती सोडावी लागते, तेव्हा निष्काम हा शब्द शोभतो. पण ढीग आपोआप राहत नाही. पावसानं तो खचतो, पाला कुजून संपतो, ऊब उतरते. ती जोडी पुन्हा येते, उकरते, नवा पाला ओढते. आत कोण आहे हे न बघता त्याच्यासाठी राबणं याला मी वात्सल्यच म्हणेन.

इतकं ठरवलं होतं. मग 26 डिसेंबर 2004 आला. बहुतेक ढीग किनाऱ्यालगत. त्सुनामीच्या लाटेनं ते वाहून नेले. बेटाचं दक्षिण टोक सव्वाचार मीटर खचलं. 2006 च्या पाहणीत वापरातले ढीग पूर्वीपेक्षा सुमारे 70 टक्क्यांनी कमी भरले. मातीतल्या अंड्यांवर तेव्हा कुणाचीच नजर नव्हती, आणि असती तरी नजरेनं काय केलं असतं? इथं माझा दृष्टान्त थांबतो. लाटेला जाब विचारता येत नाही. गॅलथियाच्या अभयारण्याचा दर्जा 2021 मध्ये बंदरासाठी काढून घेतला; तो निर्णय मात्र माणसांचा आहे, आणि मला तो मान्य नाही.

आई आता नाही. त्या दुपारी मी हात बाहेर काढला तेव्हा ढिगाला भोक पडलं होतं. "पत्रं मिळायची का गं सगळी?" तिनं विचारलं. मी हो म्हटलं. ती खाली बसली, दोन्ही हातांनी पाला ओढून तिनं ते भोक बुजवलं, वरून माती थापली आणि हात तिथंच थोडा वेळ ठेवला.