वजाबाकीत उरलेले

पहिलं महायुद्ध संपल्यावर इंग्रज सरकारने ज्या गावांतून सैन्यभरती झाली होती तिथे संगमरवराच्या लहान पाट्या बसवल्या. सातारा जिल्ह्यात आणि कोकणात त्या आजही दिसतात. कुठे चावडीच्या भिंतीत, कुठे शाळेच्या पडवीत. मजकूर एकाच साच्यातला: या गावातून महायुद्धावर इतके पुरुष गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. बहुतेक ठिकाणी नावं नाहीत, नुसते दोन आकडे. जिवंत परत किती आले हे पाटी सांगत नाही. ते हवं असेल तर पहिल्या आकड्यातून दुसरा वजा करायचा.

ही वजाबाकी मला फार दिवस छळते आहे. कारण स्वातंत्र्य मिळाल्यानंतरही सैनिकाचं स्मरण करताना आपण थोडंफार तेच करत आलो आहोत. जो गेला त्याचा स्तंभ होतो, त्याचं नाव शाळेला आणि चौकाला दिलं जातं, आणि ते योग्यच आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकात 25 हजारांहून अधिक नावं ग्रॅनाइटवर कोरलेली आहेत. त्यातलं एकही कमी नको. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याला, म्हणजे ज्याला सगळे ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणतात त्या गावाला, पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या आपल्या 46 जणांचा अभिमान आहे आणि तो असायलाच हवा. पण जो परत आला, त्याचं काय करायचं हे मात्र आपल्याला अजून नीट ठरवता आलेलं नाही.

त्याच्यासाठी दिवस आहे. 14 जानेवारी हा माजी सैनिक दिन. 1953 साली याच तारखेला जनरल करिअप्पा निवृत्त झाले, म्हणून ही तारीख निवडली गेली. महाराष्ट्रात त्या दिवशी बहुधा संक्रांत असते. सुगडं, वाण, तिळगूळ यांच्या गडबडीत हा दिवस कधी येतो आणि जातो हे घरात माजी सैनिक असलेल्यांनाही कळत नाही. दुसऱ्या दिवशीचा सेनादिन मात्र दूरदर्शनवर दिसतो, कारण त्यात संचलन असतं. 15 जानेवारी 1949 ला करिअप्पांनी भारतीय लष्कराची सूत्रं हाती घेतली, तो हा दिवस. एक दिवस सूत्रं घेण्याचा, एक सोडण्याचा. आपली नजर पहिल्यावरच खिळते.

करिअप्पा 1993 मध्ये वारले. निवृत्तीनंतर ते चाळीस वर्षं जगले, म्हणजे त्यांच्या लष्करी नोकरीपेक्षाही जास्त. त्या काळात 1964 साली माजी सैनिकांची देशव्यापी संघटना उभी राहिली, तिच्यामागे त्यांचा पुढाकार होता. सेनापतीचा हा हिशेब असेल, तर जवानाचा विचार करा. अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी भरती झालेला शिपाई पंधरा-वीस वर्षांनी पेन्शनीवर येतो तेव्हा चाळिशीही ओलांडलेली नसते. माजी सैनिक म्हटलं की पांढऱ्या मिशा, छातीवर पदकं, हातात काठी असं चित्र आपल्या डोळ्यांसमोर उभं राहतं. प्रत्यक्षात तो बँकेच्या दारात बंदूक घेऊन बसलेला सदतीस वर्षांचा माणूस असतो. मुलगी सातवीत, भावाबरोबर जमिनीची वाटणी बाकी, घराचं कर्ज चालू. त्याचं अर्ध्याहून जास्त आयुष्य अजून पुढे आहे आणि ते कोणत्याही स्मारकावर कोरता येणार नाही.

दुसऱ्या महायुद्धात मराठा लाइट इन्फंट्रीच्या दोन जवानांना इटलीतल्या लढाईसाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. नाईक यशवंत घाडगे हे माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे. 10 जुलै 1944 ला टायबर नदीच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीतले बाकी सगळे पडल्यावर ते एकटे मशिनगनच्या मोर्चावर धावून गेले, मोर्चा मोडला आणि शत्रूच्या गोळ्यांनी तिथेच पडले. शिपाई नामदेव जाधव हे नगर जिल्ह्यातले, कंपनीचे रनर, म्हणजे निरोप पोचवणारे. 9 एप्रिल 1945 ला सेनिओ नदीवर गोळीबार चालू असताना त्यांनी दोन जखमी साथीदारांना एकामागून एक खोल पाण्यातून, उभ्या चढाच्या बांधावरून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून मागे आणलं. मग परत जाऊन मशिनगनचे तीन मोर्चे बंद पाडले. हाताला जखम झाल्यावर बंदूक टाकून हातबाँब वापरले. शेवटी बांधावर उभं राहून मराठ्यांची युद्धगर्जना देत उरलेल्या कंपन्यांना हात करून पलीकडे बोलावलं.

घाडगे गेले तेव्हा बाविशीच्या आसपासचे होते. इटलीतल्या मोंतोने गावाने 2023 मध्ये त्यांच्या आणि त्यांच्याबरोबरच्या भारतीय सैनिकांच्या आठवणीसाठी छायाघड्याळाचं स्मारक उभारलं. नामदेव जाधव वाचले. परत आले आणि 1984 मध्ये वारले. त्या शौर्याची एक संध्याकाळ आपल्याला मिनिटामिनिटाने ठाऊक आहे, कारण ती मानपत्रात लिहिलेली आहे. नंतरची एकोणचाळीस वर्षं त्यांनी कशी काढली, रात्री झोप लागायची का, नदीतून खांद्यावर आणलेले ते दोघे पुढे कधी भेटले का, हे त्यांना कुणी बसून विचारलं असेल का? मला ही एकोणचाळीस वर्षं त्या संध्याकाळीइतकीच मोलाची वाटतात.

आमच्या तालुक्यातले एक आप्पा 1971 मध्ये पूर्व आघाडीवर होते. आमच्याकडे फौजेतून आलेल्या प्रत्येकाला, मग तो नाईक असो की हवालदार, ‘मेजर’च म्हणतात, तसं त्यांनाही म्हणतात. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला ते सेवा केंद्रात आले होते आणि मी माझ्या कामासाठी तिथे होतो. यंत्रावर त्यांचा अंगठा उमटत नव्हता. आयुष्याचा पहिला भाग रायफलीवर आणि उरलेला कुदळीवर गेलेला. बोटांच्या रेषाच झिजून गेल्या होत्या. केंद्रातला मुलगा अदबीने म्हणत होता, “मेजर, पुसून लावा. आता दुसरं बोट लावा.” ते शर्टाच्या टोकाला बोट पुसायचे आणि पुन्हा ठेवायचे. मग लाइट गेली आणि आम्ही बाहेर बाकावर बसलो. मी त्यांना लढाईबद्दल विचारलं. ते लढाईबद्दल बोललेच नाहीत. शरणागतीनंतर ताब्यात आलेल्या शत्रूच्या एका जखमी पोराला त्यांनी बिडी दिली, ती त्याच्या हातात थरथरत होती, आणि त्याने आपल्या गावाचं नाव सांगितलं, एवढंच ते सांगत राहिले. ते नाव त्यांना अजून आठवत होतं. “ह्ये कुनी इचारलंच न्हाई,” म्हणाले. सत्कार त्यांचे पुष्कळ झाले आहेत. प्रत्येक वेळी शाल मिळाली, श्रीफळ मिळालं, भाषण मात्र दुसऱ्याने केलं.

म्हणून मला वाटतं, सन्मानाच्या कार्यक्रमात बोलण्याचा हक्क ज्याचा सन्मान आहे त्याला मिळाला पाहिजे. 1965 चे सैनिक आता ऐंशीच्या आसपास किंवा पुढे आहेत, 1971 चे सत्तरी ओलांडून गेलेत. दहावीतली चार मुलं मोबाइल घेऊन त्यांच्या ओसरीवर बसली, काय खायचात, पत्र किती दिवसांनी यायचं, भीती वाटायची का, गावाला परत आल्यावर पहिले सहा महिने कसे गेले असं विचारत राहिली, तर गावाचा केवढा इतिहास हाती लागेल! यासाठी निधी लागत नाही, शासन निर्णय लागत नाही.

निधीचीही गोष्ट आहेच, आणि ती कमी महत्त्वाची नाही. 7 डिसेंबरचा ध्वजदिन 1949 पासून चालू आहे. लाल, गडद निळा आणि फिका निळा अशा तीन रंगांचा तो छोटा ध्वज शाळेत असताना आपण सगळ्यांनीच खिशावर लावला आहे. ते पैसे वीरपत्नींसाठी, जखमी जवानांसाठी, माजी सैनिकांच्या मुलांच्या शिक्षणासाठी जातात हे त्या वयात आम्हाला कुणी समजावून सांगितलं नाही. जिल्ह्याला इष्टांक येतो, तो कार्यालयांत आणि शाळांत वाटला जातो आणि पूर्ण होतो. देणाऱ्याला आपण कुणाला देतो आहोत हे माहीत असतं, तर त्याच दहा रुपयांना वेगळा अर्थ आला असता.

अर्थ कसा येतो ते पाहायचं असेल तर खडकीला जावं. तिथली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट 1917 पासून अपंग झालेल्या सैनिकांना हाताचं काम शिकवते आहे. तिथेच 1974 मध्ये सुरू झालेलं पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आहे. कण्याला इजा होऊन कमरेखालची हालचाल गेलेले जवान तिथे राहतात, शिकतात, चाकाच्या खुर्चीवरून बास्केटबॉल खेळतात. या संस्था जवानाला पुढच्या चाळीस वर्षांची तयारी देतात. त्याच्या दृष्टीने याहून मोठा सन्मान कोणता?

मुरलीकांत पेटकर सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे. सैन्यात ते बॉक्सर होते. 1965 च्या युद्धात अंगात गोळ्या घुसल्या आणि पाय निकामी झाले. पोहणं उपचार म्हणून सुरू झालं आणि 1972 मध्ये हायडलबर्गला त्यांनी पन्नास मीटर पोहण्यात भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्णपदक जिंकलं. पद्मश्री मिळाली 2018 मध्ये. मधली शेहेचाळीस वर्षं ते पुण्यातच होते, नोकरी करत होते, संसार करत होते. ते कुठेही हरवले नव्हते. शोधायला कुणी निघालंच नाही.

याच्या उलट उदाहरण राळेगणसिद्धीचं. अण्णा हजारे लष्करात गाडी चालवायचे. 1965 ला खेमकरणच्या आघाडीवर त्यांचे सोबती मारले गेले आणि ते वाचले. 1975 मध्ये अडतिसाव्या वर्षी ते दुष्काळी गावात परतले. पुढच्या राजकारणाबद्दल प्रत्येकाचं मत वेगळं असू शकतं. माझा मुद्दा पहिल्या दहा-पंधरा वर्षांचा आहे: पाणलोटाची कामं, बांध, श्रमदान. गावाने एका निवृत्त जवानाला काम करू दिलं. प्रत्येक माजी सैनिक गाव बदलेल अशी अपेक्षा करणं त्याच्यावर अन्याय आहे. त्याला शांतपणे शेती करण्याचा पूर्ण हक्क आहे. पण नकाशा वाचणारा, वायरलेस चालवणारा, पूल बांधणारा, जखम बांधू शकणारा माणूस गावात बसून असतो आणि पुराच्या वेळी त्याला कुणी हाक मारत नाही, हे मला सहन होत नाही.

आणि आता ही गोष्ट आणखी निकडीची झाली आहे. 2022 मध्ये अग्निपथ योजना आली. तीत भरती झालेल्यांपैकी जास्तीत जास्त पंचवीस टक्के चार वर्षांनंतर कायम होतात, बाकीचे परत येतात. योजनेच्या मूळ अटींनुसार त्यांना पेन्शन नाही आणि माजी सैनिकाचा दर्जाही नाही. एकरकमी सेवानिधी आहे. योजना चांगली की वाईट यावर पुष्कळ वाद झाला आहे. पण आपल्या गावात चोवीस वर्षांचा एक मुलगा गणवेश उतरवून परत येणार हे नक्की. तो सीमेवर चार हिवाळे काढून आलेला असेल. 14 जानेवारीच्या कार्यक्रमाची यादी जुन्या नियमाने केली तर तिच्यात त्याचं नाव नसेल. यादी करणाऱ्या ग्रामसेवकाने, सरपंचाने, मुख्याध्यापकाने ते आपल्या हाताने लिहावं, त्याला पुढच्या रांगेत बसवावं, आणि कार्यक्रम संपल्यावर त्याच्याशी नोकरीचं बोलावं.