टायमिंग चेनचे निदान आणि अनुमानाचे प्रामाण्य

मोटारीच्या इंजिनातील टायमिंग चेन बंद कव्हरमागे, तेलात न्हात फिरते. खालच्या क्रँकशाफ्टची गती ती वरच्या कॅमशाफ्टला देते आणि कॅमशाफ्ट व्हॉल्व्हची उघडझाप करतो. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक झाला पाहिजे. हा मेळ थोडा बिघडला तर गाडी ओढत नाही. साखळीने दात सोडला तर बऱ्याच इंजिनांत पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो आणि हेड उतरवण्याची पाळी येते. साखळी डोळ्यांनी पाहायची तर कव्हर काढावे लागते, आणि त्यासाठी अनेक गाड्यांत चेंबर उतरवून इंजिनाचे माउंटिंगही सोडावे लागते. म्हणजे निर्णय न दिसणाऱ्या वस्तूविषयी घ्यायचा असतो, आणि चुकीची किंमत मोठी असते. खुणेवरून न दिसलेल्याचे जे ज्ञान होते त्याला ज्ञान म्हणावे की नुसता अंदाज, हा भारतीय दर्शनांतला जुना वाद गॅरेजमध्ये अशा रीतीने रोज उभा राहतो.

न्यायसूत्रांनी अनुमानाचे तीन प्रकार सांगितले आहेत; त्यांतले दोन इथे कामाचे. वात्स्यायनाने भाष्यात दिलेल्या एका अर्थानुसार कारणावरून कार्य ओळखणे हे पूर्ववत् आणि कार्यावरून कारण ओळखणे हे शेषवत्. ढग दाटले म्हणून पाऊस येणार, हे पहिले. नदीला पूर आला म्हणून वर पाऊस झाला, हे दुसरे. तेल वेळेवर बदलले नाही, म्हणून साखळी झिजली असणार, हे गाडीबाबतचे पूर्ववत् अनुमान झाले. त्याने संशयाला दिशा मिळते, पण दाटलेले ढग न बरसता निघून जातात, तशी तेलाची हेळसांड होऊनही साखळी शाबूत असू शकते. खरे निदान शेषवत् असते: आवाज आला, दिवा लागला, आता कारण शोधायचे.

अशा अनुमानांवर न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात पूर्वपक्षाने हल्ला चढवला आहे. नदीचे पाणी बांध घातल्यानेही चढते. मुंग्या अंडी घेऊन निघाल्या म्हणजे पाऊस येणार असे लोक म्हणतात, पण वारूळ मोडले तरी त्या निघतात. मोराचा आवाज माणूसही काढतो. तेव्हा अनुमान हे प्रमाणच नव्हे, असे पूर्वपक्षाचे म्हणणे. साखळीच्या बाबतीत हा आक्षेप शब्दशः लागू पडतो. सकाळी सेल्फ मारल्यावर होणारा खडखडाट साखळीचा असू शकतो, टॅपेटचा असू शकतो, थंड इंजिनात सिलिंडरला थापा मारणाऱ्या पिस्टनचा असू शकतो, बाहेरच्या पट्ट्याच्या टेन्शनरचा किंवा सैल झालेल्या पत्र्याचाही असू शकतो. ‘आवाज येतो, म्हणून चेन गेली’ या विधानातला हेतू, म्हणजे खूण, सव्यभिचार आहे: साध्य, म्हणजे सिद्ध करायची गोष्ट, असताना तो आढळतो, तसाच नसतानाही आढळतो.

सिद्धान्त्याने दिलेले उत्तर नीट समजून घेण्यासारखे आहे. वर पाऊस झाला असे म्हणणारा माणूस नुसते वाढलेले पाणी पाहून तसे म्हणत नाही. पाणी पूर्वीपेक्षा निराळे दिसते, ओढ वाढलेली असते, फेस आलेला असतो, पाने-फळे-लाकडे वाहून येत असतात. बांधामुळे चढलेल्या पाण्याला ही लक्षणे नसतात. सामान्य खूण आणि विशेष खूण यांतला फरक ज्याने केला नाही त्याचे अनुमान चुकले, तर वात्स्यायनाच्या मते दोष त्या माणसाचा असतो, अनुमानाचा नव्हे.

खडखडाटालाही असेच विशेष असतात आणि ते साखळीच्या रचनेतून येतात. साखळी ‘ताणली’ असे म्हटले जाते, पण तिचे पोलाद रबरासारखे ताणत नाही. प्रत्येक कडीतली पिन आणि तिच्याभोवतीचे बुश घासून किंचित जागा होते, आणि सगळ्या कड्यांतली ही जागा मिळून साखळी लांब होते. लांबलेली साखळी घट्ट धरण्याचे काम टेन्शनर करतो. बहुतेक इंजिनांत तो तेलाच्या दाबावर चालतो. रात्रभर गाडी उभी राहिली की त्यातले तेल ओसरू शकते. सकाळी इंजिन सुरू झाल्यावर दाब चढेपर्यंत सैल साखळी प्लास्टिकच्या गाईडवर आपटते आणि दाब चढला की गप्प होते. म्हणून या आवाजाचे आयुष्य काही सेकंदांचे असते. पिस्टनची थाप मात्र पिस्टन तापून फुगेपर्यंत, म्हणजे काही मिनिटे टिकते. टॅपेटची टिकटिक वरून, हेडमधून येते. साखळीचा आवाज इंजिनाच्या ज्या टोकाला टायमिंग कव्हर असते तिथे स्टेथोस्कोप किंवा लांब पेचकस टेकवल्यावर मोठा होतो. बाहेरचा पट्टा उतरवून इंजिन अगदी थोडे सेकंद चालवले आणि आवाज तसाच राहिला, तर पट्ट्यावरचे सगळे भाग संशयातून सुटतात. नैयायिक याला व्यतिरेक-व्यभिचार म्हणतील: कारण काढून घेतले, कार्य गेले नाही, तेव्हा ते कारणच नव्हते.

स्कॅनर जे सांगतो ते शब्दप्रमाणाच्या, म्हणजे आप्ताच्या (विश्वासू सांगणाऱ्याच्या) वाक्यावरून होणाऱ्या ज्ञानाच्या वळणाचे असते, आणि तिथे फसगत अधिक होते. पी ००१६ हा कोड आला की साखळी बदलायची, अशी सवय अनेकांना लागली आहे. तो कोड साखळीबद्दल काहीच बोलत नाही. क्रँकचा सेन्सर आणि कॅमचा सेन्सर यांच्या संकेतांत ठरलेला मेळ दिसत नाही, एवढेच तो सांगतो. सेन्सर बिघडला, वायर तुटली, कॅमची वेळ पुढेमागे करणारा फेजर अडकला, त्याला तेल सोडणारा व्हॉल्व्ह गाळाने तुंबला, तरी हाच कोड येतो. आप्ताचे वाक्य त्याच्या विषयापुरते प्रमाण असते. त्यात ऐकणाऱ्याने घातलेली भर प्रमाण नसते.

मेळ का बिघडला हे ऑसिलोस्कोपवर अधिक नेमके कळते. दोन्ही सेन्सरांच्या लहरी एकाखाली एक घेऊन त्याच जातीच्या निरोगी इंजिनाच्या लहरींशी ताडून पाहतात. एकच साखळी दोन्ही कॅमशाफ्ट फिरवत असेल आणि फेजर मूळ जागी असताना दोन्ही कॅम सारखेच मागे पडलेले असतील, तर दोष दोघांच्या सामायिक कारणात, बहुधा साखळीत आहे. एकच कॅम मागे असेल तर आधी त्याचा फेजर आणि सेन्सर तपासावा. किती अंश मागे, हेही बोलके असते. क्रँकच्या चक्राला 20 दाते असतील तर एक दात म्हणजे क्रँकचे 18 अंश. फरक नेमका तेवढा भरला तर साखळीने दात सोडला आहे. थोड्याच अंशांचा भरला तर ती झिजीने लांबली असण्याचा संभव अधिक.

आयुर्वेदाने रोग ओळखण्याच्या पाच साधनांत उपशय धरला आहे: उपचार लागू पडतो का, यावरून रोग ठरवणे. गॅरेजमधला उपशय म्हणजे तेल बदलून पाहणे. तो स्वस्त आहे आणि आधी करावा हेही योग्य, पण त्याचा अर्थ लावताना सावध राहावे लागते. नव्या तेलाने दाब सुधारतो, टेन्शनर नेट धरतो आणि आवाज थांबतो. यावरून आवाजाचा तेलाशी संबंध आहे एवढे सिद्ध होते. साखळी निरोगी आहे हे सिद्ध होत नाही. उलट झीज तशीच ठेवून तिची खूण मात्र पुसली गेलेली असू शकते.

केवळ प्रत्यक्ष मानणारा चार्वाक म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, कव्हर उघडा. सार्वत्रिक व्याप्ती, म्हणजे खूण आणि साध्य यांचा अटळ संबंध, कोणी पाहिलेलीच नाही, म्हणून अनुमानावर त्याचा विश्वास नाही. उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत त्याला दिलेले उत्तर असे की, जिथे शंका स्वतःच्याच कृतीशी विसंगत ठरते तिथे ती थांबते. धुरासाठी अग्नी पेटवणाऱ्याने अग्नी आणि धूर यांच्या संबंधावर शंका घेऊ नये. कव्हर उघडण्याचा आग्रह धरणारासुद्धा ज्या आवाजावरून ते उघडायला सांगतो, त्या आवाजाला त्याने खूण मानलेलेच असते. गाडीमालकाच्या दृष्टीनेही चार्वाकाचा मार्ग परवडणारा नाही: प्रत्येक खडखडाटाला इंजिन उघडले तर मजुरीतच त्याची बचत संपेल.

शिवाय कव्हर उघडल्यावरही केवळ पाहून भागत नाही. झिजलेली साखळी डोळ्यांना नव्यासारखीच दिसते. टेन्शनरचा दांडा किती बाहेर आला आहे, गाईडवर किती खोल चर पडले आहेत, ठरावीक कड्यांची लांबी मोजून किती भरते, आणि चेंबरमध्ये प्लास्टिकचे तुकडे सापडतात का, हे पाहिल्यावर प्रत्यक्षातूनही निष्कर्षच काढावा लागतो. नवी साखळी, गाईड आणि टेन्शनर बसवल्यावर इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवतात, खुणा पुन्हा जुळल्या याची खात्री करतात आणि मगच सेल्फ मारतात. निदान बरोबर होते का, हे मात्र त्या दिवशी ठरत नाही. ज्ञानाचे प्रामाण्य त्यावर आधारलेल्या प्रवृत्तीच्या यशावरून कळते असे नैयायिक मानतात, आणि इथे ते यश तपासायला गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी थंड इंजिन सुरू करावे लागते.