ब्रेक मध्यावर आहे, पण चाक?

‘माझे मन मला खात नाही’ हे वाक्य आपण सर्वांनी कधी ना कधी उच्चारलेले आहे. कुमसाराला जाण्यापूर्वी आपण बाकावर बसून आठवायचा प्रयत्न करतो. विशेष असे काही सापडत नाही. मग रागावलो, खोटे बोललो, प्रार्थनेत लक्ष नव्हते, ही तीच ती वाक्ये घेऊन आपण फादरांसमोर गुडघे टेकतो. मन खात नाही म्हणजे मन शुद्ध आहे असे आपण धरून चालतो. हे धरून चालणे कितपत बरोबर आहे, हा प्रश्न मला एका जुन्या सायकलीच्या ब्रेकमुळे पडला. वाचकांना हसू येईल, पण तसे घडले खरे.

आमच्या पडवीत एक सायकल बरीच वर्षे भिंतीला टेकून उभी होती. पूर्वीच्या काळ्या उंच सायकलींना सळईचे ब्रेक असत. ही त्यानंतरची, वायरच्या ब्रेकची. वडिलांनी ती आम्हा भावाबहिणीत मिळून घेतली होती. मी तिच्यावरून शाळेत गेलो आणि नंतर माझी थोरली बहीण रोज पहाटे तिच्यावरून स्टेशन गाठू लागली. नोकरी मुंबईला, पहिली लोकल चुकली तर दिवस गेला. डॉक्टरांनी मला चालणे किंवा सायकल यांपैकी काहीतरी करायला सांगितले, तेव्हा मी ती बाहेर काढली. टायर, ट्यूब, चेन, सगळे बदलून झाले. ब्रेक मात्र मी स्वतः नीट करायचे ठरवले. गावातले सायकलचे दुकान केव्हाच बंद झाले आहे, तिथे आता मोबाईल रिचार्ज होतो.

या ब्रेकची रचना फार साधी असते. चाकाच्या वर, चिमट्याच्या डोक्यात एक बोल्ट असतो. त्या एकाच बोल्टवर कॅलिपरचे दोन हात कात्रीसारखे फिरतात. प्रत्येक हाताच्या टोकाला एक रबर असते. हँडलवरची मूठ दाबली की वायर ओढली जाते, दोन्ही हात जवळ येतात आणि रबरे रिमला दोन्ही बाजूंनी धरतात. मूठ सोडली की मधली स्प्रिंग दोघांना पुन्हा दूर सारते. रबर आणि रिम यांच्यात प्रत्येक बाजूला दोनतीन मिलिमीटर फट असली म्हणजे झाले. त्याहून कमी असेल तर रबर घासते, जास्त असेल तर मूठ हँडलला टेकली तरी सायकल थांबत नाही. आणि जुन्या सायकलीची रिम असते लोखंडी, चकचकीत मुलामा दिलेली. पावसात ती ओली झाली की चांगला ब्रेकसुद्धा अर्धा होतो, हे आपल्याकडच्या माणसाला सांगायला नको.

माझ्या सायकलीचे डावे रबर रिमला घासत होते, उजवे खूप लांब होते. अशा वेळी मागचा नट किंचित सैल करून सबंध कॅलिपर थोडा फिरवायचा आणि पुन्हा आवळायचा. ऐकायला सोपे, पण नट आवळताना तोच नट कॅलिपरला बरोबर ओढून नेतो. म्हणून पुढून एका पातळ पान्याने बोल्ट धरून ठेवावा लागतो. जुने कारागीर आणखी एक युक्ती करीत. जे रबर घासते त्याच्या विरुद्ध बाजूला, स्प्रिंगच्या खांद्यावर पंच ठेवून हातोडीने हलकेच ठोकायचे, की कॅलिपर जागेवर येतो. दोन हातांमध्ये तेलाचा एक थेंबही सोडायचा, पण रिमवर चुकूनही नाही. मी तीन संध्याकाळी हे सर्व केले. अखेर दोन्ही फटी अगदी सारख्या झाल्या. चाक फिरवले तर कुठे आवाज नाही. मला फार बरे वाटले.

चौथ्या दिवशी एक ओळखीचे वृद्ध गृहस्थ घरी आले. त्यांनी उमेदीची वर्षे सायकलच्या दुकानात काढली होती. माझी कारागिरी त्यांनी पाहिली आणि विचारले, “चाक बघितलं का?” मी म्हणालो, चाक छान फिरते आहे, कुठे डुलत नाही. ते काही बोलले नाहीत. त्यांनी पुढचे चाक सोडवले, डावी बाजू उजवीकडे येईल असे उलटे केले, आणि तसेच पुन्हा बसवले. आता उजवे रबर रिमला चिकटले होते आणि डावीकडे बोट जाईल एवढी फट पडली होती.

याचा अर्थ स्पष्ट होता. ब्रेक वाकडा नव्हता. चाकच एका अंगाला गेलेले होते. फार पूर्वी कोणीतरी एका बाजूचे स्पोक जास्त ताणले असणार आणि रिम सगळीकडून सारखीच त्या बाजूला सरकली होती. ती डुलत नव्हती, म्हणून मला संशय आला नाही. वाकड्या चाकाला मी तीन दिवस खपून वाकडा ब्रेक अगदी बेमालूम जुळवला होता. त्यांनी एका बाजूचे निपल थोडे थोडे सैल केले, दुसऱ्या बाजूचे आवळले, आणि आऊट काढून चाक मध्यावर आणले. त्यानंतर माझा ‘बरोबर’ केलेला ब्रेक किती कललेला होता ते दिसले.

ते गेल्यावर मी बराच वेळ पडवीत बसून राहिलो.

आपली सदसद्विवेकबुद्धी या ब्रेकसारखीच आहे. ती आपल्याला थांबवते. आणि ती बरोबर लागली आहे की नाही हे आपण कशावरून ठरवतो? तर आपल्या चालू जीवनाशी ती घासत नाही यावरून! पण ते जीवनच एका अंगाला गेलेले असेल तर? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयी जो दस्तऐवज दिला, त्याच्या सोळाव्या परिच्छेदात विवेकबुद्धीची थोरवी सांगितली आहे. मनुष्याने तिची आज्ञा पाळावी, आणि ती नकळत चुकली तरी तिची प्रतिष्ठा जात नाही, असे तेथे म्हटले आहे. पण त्याला लागूनच एक इशाराही आहे. जो सत्य शोधण्याची फिकीर करीत नाही आणि ज्याची विवेकबुद्धी पापाच्या सवयीने हळूहळू आंधळी होत जाते, त्याला ही सवलत नाही. आपण पहिला भाग आवडीने सांगतो आणि दुसरा विसरतो.

येथे एक शंका येते आणि ती खरी आहे. मन वाकडे असू शकते हे मान्य केले, तर ते तपासायचे कशाने? तपासणारे मन तेच ना?

या शंकेने काही भाविक जीव फार पोळतात. संत इग्नेशियस लोयोला त्यांपैकीच एक. १५२२ साली मोन्सेरातच्या मठात त्यांनी सबंध आयुष्याचे पापनिवेदन लिहून काढून तीन दिवस केले. तरी मानरेसाला आल्यावर काहीतरी राहून गेले, असे त्यांना सारखे वाटू लागले. अगदी स्पष्ट असेल तेवढेच सांग, असे धर्मगुरूंनी बजावले, पण त्यांना सर्वच स्पष्ट वाटे! जीव द्यावा इथपर्यंत त्यांची मजल गेली होती. या अनुभवातून ‘आध्यात्मिक साधना’ या त्यांच्या पुस्तकात शंकाकुल मनाविषयी काही टिपणे आली. त्यांत ते म्हणतात की, शत्रू प्रथम पाहतो की हा आत्मा जाड कातडीचा आहे की हळवा. जाड असेल त्याला तो अधिक जाड करतो, हळवा असेल त्याला अधिक हळवा. म्हणून प्रत्येकाने आपल्या उलट दिशेला जावे आणि मध्यावर यावे. कारागीराची हातोडी घासणाऱ्या रबराच्या विरुद्ध बाजूला पडते, तीच ही गोष्ट. ज्या माताभगिनी छोट्या छोट्या गोष्टींनी रात्ररात्र झोपत नाहीत, त्यांनी हा लेख येथेच सोडून दिला तरी चालेल. त्यांचे रबर आधीच घासते आहे. माझा प्रश्न आहे तो आम्हा शांत झोपणाऱ्यांचा.

आमच्यासाठी उत्तर जुन्या करारात आहे असे मला वाटते. दावीद राजाने उरियाची पत्नी घेतली आणि उरियाला लढाईत मारवले. त्यानंतर कित्येक महिने गेले. मूल जन्माला आले. तोवर त्याचे मन त्याला खात होते असा एक शब्दही शमुवेलच्या दुसऱ्या पुस्तकात नाही. मग नाथान संदेष्टा आला. त्याने राजाला दोष दिला नाही, नियमशास्त्रही वाचून दाखवले नाही. त्याने एका श्रीमंताची आणि एका गरिबाच्या एकुलत्या कोकरीची गोष्ट सांगितली. दावीद संतापला आणि त्याने तत्काळ न्याय दिला, अगदी बिनचूक. मग नाथानने सांगितले, तो माणूस तूच.

येथे दावीदाची न्यायबुद्धी मेलेली नव्हती हे लक्षात घेतले पाहिजे. परक्याच्या बाबतीत ती धारदार होती. फक्त स्वतःच्या बाबतीत ती स्वतःच्या चाकाला जुळवून घेत आली होती. नाथानने नवी न्यायबुद्धी आणली नाही. त्याने चाक उलटे करून बसवले आणि फट कुठे आहे ती दावीदाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. मन वाकडे असले तरी त्याच मनाने तपासता येते ते असे. प्रभू येशूने डोंगरावरील प्रवचनात, इतरांनी आपल्याशी जसे वागावे असे वाटते तसे आपण त्यांच्याशी वागावे, हा नियम दिला. तो आपण लहान मुलांना शिष्टाचार म्हणून शिकवतो. माझ्या मते तो मोजमापाचे हत्यार आहे.

पण उलटे करणेही प्रामाणिकपणे व्हायला हवे. आता मला माझे सांगितले पाहिजे, नाहीतर हे सारे लिहिणे म्हणजे दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ.

वडील मृत्युपत्र न करता गेले. आपल्या समाजाला १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू आहे. त्यात मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखा आहे, लग्न झालेल्या मुलीचाही. हे मला ठाऊक होते. तरी वाडीचा तुकडा विकायची वेळ आली तेव्हा मी हक्कसोडपत्र तयार करून बहिणीच्या घरी नेले. तिने चहा केला, चष्मा शोधला आणि मी बोट ठेवले तिथे सही केली. मी तिला एक साडी आणि भाच्यांना काही पैसे दिले. सगळीकडे असेच होते. बहिणी भावाकडे मागत नाहीत, त्यांना माहेर हवे असते, वगैरे वगैरे. त्यानंतर अनेक उपवासकाळ आले आणि गेले, आणि मी कुमसाराच्या बाकावर बसलो तेव्हा ती सही मला एकदाही आठवली नाही. चाक मुळीच डुलत नव्हते.

त्या संध्याकाळी पडवीत मी पहिल्यांदा स्वतःला तिच्या जागी ठेवून पाहिले. काहीच झाले नाही. मी तिच्या जागी असतो तर मीही सही केली असती, भावासाठी एवढे काय, असे मन म्हणाले. हे सोपे असते, कारण वाडी विकून माझे पोट भरलेलेच होते. मग मला माझी मुलगी आठवली. तिच्या भावाने असा कागद घेऊन तिच्या दारात जावे, तिने चष्मा शोधावा, आणि कुठे सही करायची ते त्याने बोटाने दाखवावे. त्या क्षणी मला माझ्या मुलाचा जो राग आला, त्याची मला भीती वाटली. त्याने काही केलेले नव्हते, बिचारा आत टीव्ही बघत होता.

आणि मग एकेक आठवू लागले. पहाटेच्या अंधारात ती हीच सायकल बाहेर काढी. माझ्या कॉलेजची फी तिच्या पगारातून जाई. घराचा स्लॅब पडला तेव्हा तिने सोसायटीचे कर्ज काढले होते. ‘भावाने बहिणीला सांभाळले’ असे मी लोकांना सांगत आलो होतो.

कायद्याने आता काही होत नाही, सही तिने स्वखुशीने केली आहे. वकिलाने तेच सांगितले असते, म्हणून मी विचारायला गेलो नाही. वाडीचे पैसेही बरेचसे खर्च झालेले आहेत. तिच्या वाट्याची पूर्ण रक्कम एकदम देणे मला शक्य नाही. थोडी थोडी देणे शक्य आहे, पण त्यासाठी घरात बोलावे लागेल, आणि ते बोलणे सोपे नव्हते. तीन रविवार मी अर्पणाच्या वेळी पाकीट पेटीत टाकताना हात आखडता घेतला. अर्पण वेदीपुढे ठेवून आधी भावाशी समेट करायला जा, असे मत्तयच्या पाचव्या अध्यायात आहे. तेथे बहिणीचा शब्द नाही, अशी पळवाटसुद्धा माझ्या मनात येऊन गेली!

चौथ्या रविवारी मिस्सानंतर मी सायकलवरूनच तिच्याकडे गेलो. उतारावर ब्रेक दाबला, दोन्ही रबरे एकदम लागली. ती अंगणात बोंबील वाळत घालत होती. तिने माझ्याकडे पाहण्याआधी सायकलीकडे पाहिले आणि विचारले, “अजून चालते ही? पुढचं चाक नेहमी एका बाजूला घासायचं. मी बाबांना कितीदा सांगितलं होतं.”

मी पिशवीतून कागद काढला आणि तिला म्हणालो, चष्मा आण.