तीन दिवसांचं बाळ आणि बोर्डाची बैठक

आज आठवण काटेवाडीच्या शारदाबाई पवारांची. जन्म १२ डिसेंबर १९११, शिक्षण पुण्याच्या सेवासदनात. १९३८ मध्ये त्या पुणे जिल्हा लोकल बोर्डावर निवडून आल्या. दोन वर्षांनी, त्यांच्याच वाढदिवशी, त्यांचा मुलगा शरदराव पवार यांचा जन्म झाला. बोर्डाची बैठक तोंडावर आलेली. तीन दिवसांचं बाळ कुशीत घेऊन शारदाबाईंनी बारामतीहून पुणे गाठलं आणि त्या बैठकीला हजर राहिल्या. बाळंतिणीनं खोलीचा उंबरा ओलांडू नये, असा तो काळ!

अकरा मुलं, शेती, बोर्डाचं काम. १९७५ मध्ये त्या गेल्या. आज त्यांची ओळख अमक्याची आई, तमक्याची आजी अशीच करून दिली जाते. मला ते अपुरं वाटतं. त्या निवडून आल्या तेव्हा शरदरावांचा जन्मही झालेला नव्हता.

बारामती-इंदापूरच्या घराघरांतल्या आजीचंही असंच होतं. तिच्याबद्दल आपण सांगतो, तिनं फार सोसलं. खरंच सोसलं. पण घरातले कोणते निर्णय तिच्या शब्दावर झाले, कुणाची शाळा तिच्या हट्टामुळे सुटली नाही, हेही नातवंडांच्या कानावर पडू द्या.

बारामतीजवळ शारदानगरला शारदाबाईंच्या नावाचं महिला महाविद्यालय आहे. तिथं आज गावोगावच्या मुली शिकतात.