सापळा आणि सचोटी

शासकीय सेवेत हयात घालविलेल्या आम्हा मंडळींत एक प्रश्न वारंवार निघतो: लाचखोरास पकडण्यासाठी शासनाने कपट योजावे काय?

कौटिल्याने अमात्यांची पारख करण्यासाठी ‘उपधा’ सांगितल्या. गुप्तपणे लोभ दाखवावयाचा आणि अमात्य ढळतो की नाही, हे पाहावयाचे. मात्र निर्दोष माणसास अशा परीक्षेने दूषित करू नये, ही सावधगिरीही अर्थशास्त्रात आहे. आमच्या मते आजच्या तपासाची सारी नीती या सावधगिरीत सामावली आहे.

लोकायुक्त पोलिसांचा सापळाही वरकरणी कपटच दिसतो. नोटांचे क्रमांक नोंदवून त्यांस फिनॉल्फ्थॅलिनची पूड लावतात. तक्रारदारासोबत पंच साक्षीदार जातो. पैसे स्वीकारले जाताच ठरलेली खूण होते. सोडियम कार्बोनेटच्या द्रावणात लोकसेवकाची बोटे बुडविताच पाणी गुलाबी होते आणि ते बाटलीत मोहोरबंद केले जाते. तथापि एवढ्याने गुन्हा सिद्ध होत नाही. मागणी आणि स्वीकार ही दोन्ही सिद्ध व्हावी लागतात, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने डिसेंबर २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केले. उपधेत मोह बाहेरून येतो. सापळ्यापूर्वी मागणी लोकसेवकाच्या मुखातून आलेली असते. हा भेद सांभाळला जातो तोवरच सापळा न्याय्य ठरतो.

सापळा लावणारा कोणाच्या अधीन आहे, हेही पाहिले पाहिजे. आमच्या कर्नाटकात १९८४ च्या कायद्याने लोकायुक्त आले. २०१६ मध्ये तपासाचे अधिकार शासनाच्या अखत्यारीतील स्वतंत्र दळाकडे गेले. ११ ऑगस्ट २०२२ रोजी उच्च न्यायालयाने ते दळ रद्द करून अधिकार लोकायुक्त पोलिसांस परत दिले. ज्यांची चौकशी व्हावयाची, त्यांच्याच हाती चौकशीची दोरी असू नये, हे तत्त्व त्यामुळे राखले गेले.

उरतो तो आपणा नागरिकांचा वाटा. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणे हाही थेट गुन्हा आहे. नाइलाजाने द्यावी लागली, तर सात दिवसांत कळविणाऱ्यास मात्र संरक्षण आहे. तरीही ‘देऊन मोकळे व्हा’ हा सल्ला बेळगावातील आपल्या जुन्या घरांतून वडीलधारेच देतात. अशा सल्ल्याने मागणारा निर्ढावतो आणि त्याच कचेरीतील सचोटीचा कारकून मूर्ख ठरतो. नोटांना पूड लावणारे हात पोलिसांचे असतात; पण त्याआधी कोणीतरी तक्रारीवर सही करावी लागते. ती करण्याचे धैर्य आपल्या घरांत शिकविले जाते काय, हे आम्ही वडीलधाऱ्यांनीच स्वतःस विचारावे.